दोन महापालिकांनी मिळून ट्रॅफिक स्टडी करायचा तर खर्च कसा वाटायचा (पुणे-पिंपरीचं उदाहरण घेऊन)

वाकडहून बाणेर-बालेवाडीला येणारी गाडी मुळा नदी ओलांडायच्या आधी पिंपरी-चिंचवडची असते आणि ओलांडली की पुण्याची, ड्रायव्हरला मात्र दोन्हीकडे तोच जॅम. तरी सर्व्हे निघतो तो हद्दीपुरताच, नकाशा नदीकाठी संपतो आणि शेवटच्या पानावर खरा उपाय पलीकडच्यांकडे ढकललेला असतो. एकत्र स्टडी करायला हवा हे दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना तोंडी मान्य असतं, फाईल अडते ती कोणी किती पैसे द्यायचे इथे. ज्युनियर इंजिनियर, नगरसेवक आणि सोसायट्यांच्या फेडरेशनवाले जे पाठपुरावा करत बसतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिल्या मीटिंगमध्ये टक्क्यांचा विषय काढूच नका. आधी एक नकाशा टेबलावर ठेवा आणि त्यावर कुठले चौक, कुठले पूल, कुठून कुठपर्यंतचा रस्ता ते पेनने मारा. हे केलं की लगेच लक्षात येतं की पैसे देणारे दोनच नाहीयेत. हिंजवडीचंच घ्या ना, सकाळ-संध्याकाळची अर्धी रड तिथली, पण हिंजवडी ना पुणे मनपात ना पिंपरीत, तिथे ग्रामपंचायत आहे, आयटी पार्क एमआयडीसीचं (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) आणि मेट्रो लाईन तीन पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). त्यांना न बोलावता टक्के ठरवले तर नंतर सगळं परत पहिल्यापासून. पोलिसांचंही तसंच, १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालंय, त्यामुळे रस्त्यात गाड्या थांबवून कुठून आलात कुठे चाललात विचारायचं असेल तर दोन्हीकडच्या वाहतूक शाखेची पत्रं लागतात, आणि ती पत्रं यायला टेंडरपेक्षा जास्त वेळ लागू शकतो हे आधीच धरून चाला.

मुळा नदी इथे आपली फुकटची मदतनीस आहे. हॅरिस ब्रिज, औंधचा राजीव गांधी पूल, वाकडजवळचा हायवेचा पूल, असे मोजकेच पूल आहेत, त्यांच्यावर एकदा गाड्यांचा नीट काउंट (मोजणी) घेतला की दोन शहरांमधली या पट्ट्यातली जवळपास सगळी ये-जा सापडते. वेगवेगळे स्टडी केले तर हेच पूल दोघेही मोजतात आणि दोघेही त्याचे पैसे देतात. एकत्र यायला हे कारण पुरेसं आहे, आणि खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीपुढच्या विषयपत्रात (प्रस्तावात) तर हेच पहिलं लिहा कारण बचत म्हटलं की प्रश्न कमी येतात.

आता टक्के. लोकसंख्येवर वाटा असं कोणीतरी म्हणणारच. २०११ च्या जनगणनेत पुणे मनपा ३१.२४ लाख आणि पिंपरी-चिंचवड १७.२७ लाख, म्हणजे साधारण ६४:३६. पण तो आकडा जुना झालाय, त्यानंतर २०१७ ला ११ गावं आणि २०२१ ला २३ गावं पुण्यात आली, आणि पिंपरीकडचं वाकड-रावेत-पुनावळे २०११ मध्ये काय होतं आणि आज काय आहे हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. दुसरा पर्याय तयारच आहे, पीएमपीचा, म्हणजे दोन्ही शहरांच्या सामाईक बससेवेचा. २००७ ला पीएमटी आणि पीसीएमटी या दोन शहरांच्या वेगवेगळ्या बससेवा एक झाल्या तेव्हापासून तोट्याचा पुणे ६० आणि पिंपरी ४० असा हिशोब चालतो, दोन्हीकडच्या अकाउंट्सला तो पाठ आहे, सवयीचं प्रमाण म्हणून चटकन पास होतं. पण त्यात एक खोच आहे, पीएमपीचा तोटा अख्ख्या शहराचा असतो आणि आपला स्टडी चार पुलांचा. काही जण म्हणतात ज्याच्या गाड्या जास्त त्याने जास्त द्या, ऐकायला एकदम न्याय्य, पण कोणाच्या गाड्या किती हे स्टडी झाल्यावर कळणार आणि पैसे आधी द्यायचेत.

म्हणून माझं मत, खर्चाचे दोन तुकडे करा. मोजणीचा खर्च जागेप्रमाणे, म्हणजे ज्याच्या हद्दीत जागा त्याचे पैसे आणि पूल निम्मे-निम्मे, आणि घरोघरचा सर्व्हे, कॉम्प्युटर मॉडेल, रिपोर्ट हा सामाईक खर्च ६०:४०. समजा स्टडी ६० लाखांचा आहे, त्यात ४० लाख सामाईक आणि २० लाख मोजणीचे, ४० जागा, जागेला ५० हजार. पुण्यात १८ जागा, पिंपरीत १६, पूल आणि हद्दीवरच्या ६. पुण्याचे होतात २४ अधिक साडेदहा म्हणजे साडेचौतीस लाख, पिंपरीचे १६ अधिक साडेनऊ म्हणजे साडेपंचवीस. या पद्धतीचा फायदा असा की उद्या कोणी नगरसेवक म्हणाला आमच्या प्रभागातला चौक पण घ्या, तर घ्या की, त्याच्या महापालिकेच्या खात्यात ५० हजार वाढतील, दुसऱ्याला काही देणंघेणं नाही. एमआयडीसी किंवा पीएमआरडीए आले तर तेही याच हिशोबात बसतात.

खरी भीती मात्र ६० लाखांची नसतेच. आज साडेपंचवीस लाख दिले की उद्या रिपोर्टमध्ये निघालेल्या फ्लायओव्हरचेही त्याच प्रमाणात द्यावे लागतील, ही असते, आणि ती कोणी मीटिंगमध्ये बोलून दाखवत नाही, नुसतं 'विषय तहकूब' होतं. तेव्हा सामंजस्य करारात सरळ एक कलम टाका की हे प्रमाण फक्त या अभ्यासापुरतं आहे, पुढच्या कुठल्याही बांधकामाला, भूसंपादनाला किंवा देखभालीला ते लागू नाही. त्याच्याच खाली दुसरं कलम, रिपोर्टमध्ये प्रत्येक उपायापुढे कोणाची किती जमीन लागते ते वेगळं दाखवायचं. बालेवाडी आणि वाकडची कस्पटे वस्ती जोडणारा पूल आठवा, पूल बांधून झाला पण बालेवाडीकडच्या जोडरस्त्याची जमीन मिळेना म्हणून वर्षानुवर्षं नुसता उभा होता.

बाकीचं पटापट. नोडल, म्हणजे काम चालवणारी, एकच महापालिका ठेवा, टेंडर तीच काढेल, पण निविदा समितीवर दुसरीचा माणूस सही करणारा हवा, चहा पिऊन जाणारा नको. दुसरीने आपला वाटा कार्यादेशाच्या (वर्क ऑर्डरच्या) आधी वेगळ्या लेखाशीर्षात (खात्यात) जमा करायचा, 'बिल आल्यावर देऊ' यावर अजिबात विश्वास ठेवू नका. नोडल कोण यावर जीएसटीही फिरतो, महापालिकेच्या कामाशी निगडित निव्वळ सल्लासेवा थेट महापालिकेला दिली तर सूट बसते, तेच काम पीएमआरडीएसारख्या प्राधिकरणाने दिलं तर १८ टक्के लागू शकतात, म्हणून अकाउंट्सला आधीच बसवून घ्या. कन्सल्टंटचं शेवटचं १५-२० टक्के बिल, मोजणीचा सगळा कच्चा डेटा एक्सेलमध्ये दोघांनाही मिळेपर्यंत सोडू नका, नुसती पीडीएफ घेतलीत तर तीन वर्षांनी तोच डेटा परत विकत घ्याल.

मोजणीच्या तारखा पण करारातच टाका, नाहीतर काउंट मे महिन्याच्या सुट्टीत होतो आणि नंतर दोघेही आकडा नाकारतात. मंगळवार ते गुरुवार घ्या, बरेच आयटीवाले सोमवार-शुक्रवार घरून काम करतात. गणपती-दिवाळी टाळा आणि आषाढवारी तर नक्कीच, कारण तुकोबांची पालखी दापोडीवरून आणि माउलींची दिघी-विश्रांतवाडीवरून, म्हणजे दोन्ही नेमक्या आपल्या हद्दीवरूनच पुण्यात येतात. त्या हिशोबाने पाऊस-सण उरकल्यावर नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी बरा. त्यासाठी तरतूद आदल्या बजेटमध्येच हवी, आयुक्तांचं अंदाजपत्रक वर्षाच्या सुरुवातीला येतं म्हणजे खात्याची मागणी दिवाळीच्या आसपास गेलेली पाहिजे, आणि ती दोन्हीकडून त्याच वर्षी गेली पाहिजे, नाहीतर एकाचे पैसे ३१ मार्चला लॅप्स होतात आणि दुसऱ्याचे अजून मंजूरच झालेले नसतात.