पूर आणि वादळाची तयारी करताना या चुका टाळा

दर पावसाळ्यात गोव्यात आमच्या साखळी गावच्या बाजारात तेच बघतोय. लोक दारात उभे राहून आभाळ बघतात आणि म्हणतात, पाऊस कमी झाला, आता काय येत नाही पाणी. अहो, वाळवंटी नदी आपल्या डोक्यावरच्या पावसाने भरत नाही, वर सत्तरी तालुक्यात घाटात कोसळतं ते पाणी मागाहून खाली येतं, त्यात अंजुणे धरण भरलेलं आणि खाली मांडवी नदीला भरती असली तर ते जाणार कुठे? मी आधी धरणाची बातमी आणि भरतीची वेळ बघतो. अमावास्या-पौर्णिमा जवळ असली तर माल संध्याकाळीच माळ्यावर.

दुसरी चूक माझीच. 23 जुलै 2021, सत्तरी-डिचोलीत हाहाकार उडाला तो दिवस. दुकानाच्या दाराला रेतीची पोती रचली आणि निर्धास्त झालो. पाणी आलं मागून. न्हाणीच्या जाळीतून आधी गुडगुड आवाज, मग काळं पाणी, आणि बघता बघता तांदळाची खालची पोती भिजली. दारातली रेतीची पोती तेव्हा कोरडीच होती! तेव्हापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत ओली रेती भरून, गाठ मारून जाळीवर दाबून बसवतो, वर एक चिरा. संडासालाही तेच. पाच मिनिटांचं काम, पण नवीन दुकानवाल्यांना सांगितलं तर 'बघू नंतर' म्हणतात, त्याचा खरंच राग येतो.

आणि पोती गच्च भरू नका हो. गच्च पोतं ढोलासारखं गोल होतं, दोन पोत्यांच्या फटीतून पाणी सरळ आत. अर्ध्याहून थोडंच जास्त भरायचं, पायाने दाबून चपटं करायचं, आणि चिऱ्याच्या भिंतीसारखे सांधे चुकवत रचायचं, खाली ताडपत्री.

इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नका. पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी मेन स्वीच बंद, पाण्यात उभं राहून तर त्याला हातच लावायचा नाही.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, झाली की ताडपत्री, दोऱ्या गुंडाळून टाकतात, ही अजून एक चूक. फयान वादळ नोव्हेंबर 2009 मध्ये आलं, ओखीच्या वेळी डिसेंबर 2017 मध्ये समुद्राचं पाणी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये, म्हणजे झोपडीवजा हॉटेलांत, शिरलं. माझी ताडपत्री जानेवारीपर्यंत खालीच असते, आणि घरावर झुकलेल्या माडाच्या सुक्या झावळ्या, नारळ मी ऑक्टोबरातच काढून घेतो.

पाणी ओसरलं की फ्रीज लगेच चालू करायची घाई नको. आधी वायरमनला दाखवा, तोवर प्लग काढूनच ठेवा.