डार्क कल्ट पिक्चर बघायचा की नाही, हे कसं ठरवायचं

"बघू का गं हा?" असा मेसेज मला महिन्यातून एकदा तरी येतोच, सोबत पोस्टरचा फोटो, आणि खाली मैत्रिणीने लिहिलेलं की अर्धे लोक मास्टरपीस म्हणतायत आणि अर्धे म्हणतायत डोकं फिरलेल्या माणसाने काढलाय, काय करू सांग. एका शब्दात उत्तर देता येत नाही. असल्या पिक्चरबद्दल "चांगला आहे का" विचारून फार काही हाती लागत नाही असं माझं मत झालंय, त्यापेक्षा लोक नेमके कशावरून भांडतायत ते शोधायचं, आणि ज्या गोष्टीवरून भांडण चाललंय ती आपल्याला झेपेल का, आत्ता हवीये का ते बघायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे आणि त्याने दोन तासांचा मनस्ताप वाचतो, किंवा भीतीपोटी जो पिक्चर सोडून दिला असता तो बघायला मिळतो. दोन्ही झालंय माझ्या बाबतीत.

आधी सरासरी रेटिंग विसरा. समजा दोन पिक्चर आहेत, दोघांचं रेटिंग साडेपाच. एकाला सगळ्यांनी पाच-सहा दिलेत, म्हणजे बघितला आणि विसरला. दुसऱ्याला निम्म्यांनी दहा दिलेत आणि निम्म्यांनी एक, सरासरी तीच. आयएमडीबी या पिक्चरच्या माहितीच्या साइटवर रेटिंगवर क्लिक केलं की किती जणांनी किती दिले त्याचे बार दिसतात, लेटरबॉक्सड या पिक्चरप्रेमींच्या साइटवर तर पिक्चरच्या पानावरच असतात. दोन्ही टोकं उंच आणि मधे खड्डा दिसला की समजायचं, हा खरंच भांडण लावणारा आहे. (फक्त रिलीजच्या आधीच एक-एक स्टारचा पाऊस पडला असेल तर ते धरू नका, ते लोक पिक्चर न बघताच रागावलेले असतात.)

मग रिव्ह्यू. दोनच वाचा, पण नीट निवडून, एक मनापासून आवडलेल्याचा आणि एक मनापासून न आवडलेल्याचा, आणि जमलं तर दोघांनी एकाच सीनबद्दल लिहिलेलं असावं. "कचरा", "थर्ड क्लास", "जीनियस" एवढंच लिहिणाऱ्याकडून काही कळत नाही. उलट एक चांगला चिडलेला रिव्ह्यू दहा कौतुकांपेक्षा जास्त सांगतो. डेव्हिड लिंचच्या १९८६ च्या 'ब्लू व्हेल्वेट'ला अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी एक स्टार दिला होता, त्याच पिक्चरसाठी लिंचला दिग्दर्शनाचं ऑस्कर नॉमिनेशन मिळालं. ईबर्टचं म्हणणं होतं की त्यातल्या नटीला, इझाबेला रोसेलिनीला, पडद्यावर इतकं उघडं आणि अपमानित केलंय, आणि मग त्याच्या आजूबाजूला पिक्चर गमतीजमती करत बसतो, हे बरोबर नाही. हा आक्षेप पटो न पटो, तो वाचून मला कळतं की आत काय आहे. बाईच्या अपमानाचे सीन आहेत, बाजूलाच विनोदी सूर आहे, आणि ते दोन्ही एकत्र चालतंय का हे माझं मला ठरवायचंय. एवढी माहिती हातात असली की निर्णय सोपा होतो.

आता भांडणाचे प्रकार. काही पिक्चरवर लोक चिडतात कारण "काही कळत नाही, काही घडत नाही". ही तक्रार असेल तर मी सरळ बघते, जास्तीत जास्त कंटाळा येईल, बाकी काही बिघडत नाही. लिंचचाच 'इरेझरहेड' (१९७७) या जातीतला. मी पहिल्यांदा तो मोबाइलच्या स्पीकरवर बघितला आणि अर्ध्यात सोडला, म्हटलं काय हे, एक घाबरलेला माणूस आणि काळी-पांढरी खोली. पुढे कधीतरी हेडफोन लावून परत बसले तेव्हा लक्षात आलं की त्या पिक्चरमध्ये शांतता अशी नाहीच, मागे सतत कुठल्यातरी यंत्राची घरघर, खोलीतल्या रेडिएटरची सूं सूं, वारा, आणि तो आवाज हळूहळू आपल्या छातीत बसतो, माणसाची भीती त्या आवाजात आहे, चेहऱ्यावर तर अर्धीच दिसते. पहिल्यांदा मी निम्मा पिक्चर बघितलाच नव्हता म्हणायचं. म्हणून "काही घडत नाही" असं कोणी लिहिलं असेल तर त्याने तो कशावर बघितला हा प्रश्न मला पडतो.

दुसरा प्रकार म्हणजे "फार क्रूर आहे". इथे थांबून नीट बघायचं, कारण क्रूरपणा किती आहे यापेक्षा तो कसा दाखवलाय याने फरक पडतो. कॅमेऱ्यासमोर घडतं की दाराआड, किती वेळ चालतं, आणि कॅमेरा कोणाच्या बाजूने उभा आहे. मिशाएल हानेकेचा १९९७ चा 'फनी गेम्स' घ्या, त्यात मारहाण जवळजवळ सगळी कॅमेऱ्याबाहेर आहे. पण एक सीन असा आहे की सगळ्यात वाईट गोष्ट घडून गेलीये, खोलीत टीव्हीवर गाड्यांच्या शर्यतीचा आवाज चालूच आहे, हातपाय बांधलेली बाई जमिनीवर आहे, आणि कॅमेरा जागचा हलत नाही, कट नाही, संगीत नाही, मिनिटामागून मिनिटं जातात आणि ती कशीबशी त्या टीव्हीपर्यंत जाऊन तो बंद करते. मारतानाचं काहीच दाखवलं नाही तरी तो आवाज बंद होतो तेव्हा जे वाटतं ते रक्ताचे पाट बघून वाटत नाही. उलट गास्पार नोएच्या 'इरिव्हर्सिबल'मध्ये (२००२) बलात्काराचा सीन न तोडता सलग नऊ-दहा मिनिटं समोर चालतो, नजर हटवायला जागाच ठेवलेली नाही. दोन्ही भयंकर, पण झेपण्याच्या दृष्टीने एकदम वेगळे, एक झेपणाऱ्याला दुसरा झेपेलच असं नाही. रिव्ह्यूमध्ये नुसतं "हिंसक" लिहिलं असेल तर याचा पत्ता लागत नाही, म्हणून आयएमडीबीचं पॅरेंट्स गाइड उघडायचं, मुलांसाठी म्हणून असलं तरी मोठ्यांनाच जास्त कामाचं आहे. डझ द डॉग डाय नावाची साइट पण आहे, नाव कुत्र्याचं असलं तरी तिथे लहान मुलं, आत्महत्या, छळ अशा कितीतरी गोष्टींची हो-नाही उत्तरं असतात.

स्पॉयलरची भीती वाटते मान्य आहे. पण असल्या पिक्चरमध्ये शेवटी कोण मेलं यावर फारसं काही अवलंबून नसतं, आणि जी गोष्ट आपल्याला सहन होत नाही ती आधी कळलेली बरी. प्रत्येकाची एखादी तरी गोष्ट असते. माझी म्हणजे लहान मुलांना होणारा त्रास. ती माहीत असली की बाकी कशाला घाबरायचं कारण उरत नाही. आणि ती कायमची एकच राहते असं पण नाही बरं का, घरात आजारपण चालू होतं त्या दिवसांत मी एक पिक्चर लावला, ज्यात मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसलेली बायको होती, एरवी मी तो सहज बघितला असता, त्या रात्री वीस मिनिटांत बंद केला आणि पुढचे दोन दिवस धड झोप नाही. त्यामुळे "मी असलं बघू शकते" यापेक्षा "आज बघू शकते का" हे विचारा स्वतःला.

तिसरा प्रकार माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, पिक्चर बनवताना खऱ्या कोणाला तरी दुखवलंय का. पडद्यावरचा क्रूरपणा खोटा असतो या भरवशावर आपण बघत असतो, तो भरवसाच मोडला असेल तर मग बाकी चर्चा कसली. 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) इतका खरा वाटला की दिग्दर्शक रुग्गेरो देओदातोला इटलीतल्या कोर्टात आपले नट जिवंत आहेत हे सिद्ध करावं लागलं. हा किस्सा लोक मजेने सांगतात, पण त्याच पिक्चरमध्ये कॅमेऱ्यासमोर खरेखुरे प्राणी मारलेत, कासव, माकड, ते कोणी सांगत नाही. 'लास्ट टँगो इन पॅरिस'च्या (१९७२) वेळी त्यातली नटी मारिया श्नायडर एकोणीस वर्षांची होती, आणि बलात्काराच्या सीनमधली एक गोष्ट तिला मुद्दाम आधी सांगितली नव्हती, हे दिग्दर्शक बर्तोलुचीने नंतर स्वतः कबूल केलं. कृती खोटी होती, पण पडद्यावर दिसणारे अश्रू खरे होते असं तिनेच सांगितलंय. हे दोन्ही मी बघत नाही. कोणी बघितले तर त्याच्याशी भांडत पण नाही, पण हे माहीत असून बघावे एवढं मला वाटतं.

आता "कल्ट" या शब्दाबद्दल. लोक तो सर्टिफिकेट असल्यासारखा वापरतात आणि तिथेच फसतात. १९७० च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरमध्ये होदोरोव्स्कीचा 'एल टोपो' मध्यरात्री दाखवायला लागले आणि तेच तेच लोक परत परत यायला लागले, मिडनाइट मूव्हीची ती लाट तिथून उठली. म्हणजे कल्टचा अर्थ एवढाच की थोड्या लोकांनी तो जिवापाड जपलाय. का जपलाय ते विचारायचं. सोबत ओरडायला मजा येते म्हणून, की खरंच आत काही आहे म्हणून? काही वेळा काळ निकाल फिरवतो हे खरंय, मायकल पॉवेलचा 'पीपिंग टॉम' १९६० मध्ये आला तेव्हा ब्रिटिश समीक्षकांनी इतका झोडपला की त्याचं तिथलं करिअरच बसलं, आज तोच मोठा पिक्चर मानतात. पण यावरून "शिव्या पडल्यात म्हणजे ग्रेटच असणार" असं धरून चालू नका, शिव्या पडलेले बहुतेक पिक्चर खरंच वाईट असतात आणि म्हणून त्यांचं नाव पण कोणाला आठवत नाही.

बघायचं ठरलं तर लांबी तपासा. ही गोष्ट लोक हमखास विसरतात. झुवाव्स्कीचा 'पझेशन' (१९८१) मूळ दोन तास चार मिनिटांचा, त्यातल्या कामाबद्दल इझाबेल अजानीला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये बेस्ट अ‍ॅक्ट्रेस मिळालं, आणि अमेरिकेत तो कापून ऐंशी-एक मिनिटांचा करून दाखवला. चाळीसेक मिनिटं काढल्यावर उरलं काय तर एक किंचाळणारी बाई आणि राक्षस, मोडत चाललेल्या लग्नाची गोष्ट गेलीच. "काही अर्थ लागत नाही" म्हणणाऱ्याने कुठला बघितला होता कोण जाणे. 'डॉनी डार्को'चं उलट आहे, तिथे २००४ चा लांब डायरेक्टर्स कट (दिग्दर्शकाने स्वतः नंतर जोडलेली आवृत्ती) सगळं समजावून सांगायला जातो, मला २००१ चा जुनाच आवडतो, त्यातलं गूढ शिल्लक राहतं.

पहिली पंचवीस मिनिटं बघून ठरवायचं हा माझा नियम, बहुतेक वेळा चालतो. पिक्चरचा सूर काय आहे, माणसांकडे माणसं म्हणून बघतोय की नुसता मारायला आणलेला माल म्हणून, हे तेवढ्यात कळतं. पण 'इरिव्हर्सिबल'ला हा नियम लावू नका, कारण तो उलटा चालतो, शेवटाकडून सुरुवातीकडे, त्यामुळे सगळ्यात भयंकर गोष्टी पहिल्या अर्ध्या भागात येतात आणि प्रेमळ, शांत सीन शेवटी, आणि सुरुवातीच्या अर्ध्या तासात मुद्दाम इतक्या खालच्या पट्टीतला आवाज घातलाय की ऐकू नीट येत नाही पण पोटात कसंतरी व्हायला लागतं. मळमळलं तर तुम्ही हळवे आहात असं नाही, तशी सोयच करून ठेवलीये.

शक्यतो दिवसा बघा, किंवा संध्याकाळी लवकर, म्हणजे झोपायच्या आधी मधे दुसरं काहीतरी होतं. फोन लांब. सोबत कोणी असेल तर त्यालाही आधी सांगा काय आहे, सरप्राइज म्हणून कोणाला असला पिक्चर दाखवू नका, ते मला अजिबात पटत नाही. नको झालं तर बंद करा आणि बंद केला तर "बघितला" म्हणून रेटिंग देऊ नका, अर्धा सोडला असं लिहा, पुढच्याला त्याचा उपयोग होतो. संपल्यावर लगेच एक्सप्लेन्डवाले व्हिडिओ लावू नका, दोन दिवस जाऊ द्या. दोन दिवसांनी काय आठवतंय यावरून मी ठरवते की वेळ वाया गेला की नाही. नुसतं किळसवाणं काहीतरी आठवत असेल तर गेला. एलेम क्लिमोवच्या 'कम अँड सी'मधला (१९८५) तो पोरगा मला अजून आठवतो, बॉम्ब पडल्यावर त्याचे कान बंद होतात आणि आपल्यालाही सगळं दबलेलं ऐकू येतं, कानात नुसती शिट्टी, समोरची मुलगी काहीतरी बोलतीये आणि त्याला ते पोचत नाहीये. एवढा भयानक पिक्चर, आणि माझ्यापाशी राहिलं ते त्याचं बावरून बघणं.

परवाचा मेसेज 'पझेशन'चाच होता. मी तिला लिहिलं, अगं लांबी बघ, १२४ मिनिटांचाच घे, भुयारी स्टेशनातला एक सीन फार वाईट आहे, आणि नवरा-बायकोची भांडणं राक्षसापेक्षा जास्त लागतात. तिचा नुकताच घटस्फोट झालाय. तिने लिहिलं, "मग आत्ता नको. पण नाव लिहून ठेवते."