कर्नेल टायमरमधल्या या चुका टाळा: आधी विचारा, बूटनंतर किती वेळानं बिघडलं?

पावसाळ्यात गोव्यात फोंडा-सत्तरीकडे वीज वारंवार जाते. टाकीच्या पंपावर लिनक्सचा ३२ बिटी बोर्ड असला की कधी कधी तक्रार येते, "लाइट आल्यावर पाच मिनिटं अलार्म वाजतच नाही." मग लोक पॉवर सप्लाय बदलत बसतात. पाच मिनिटं हा आकडा कानावर आला की थेट ड्रायव्हरचा कोड उघडा.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, वेळ जिफीजमध्ये (टायमरच्या ठरावीक ठोक्यांत) मोजतो, आणि ही मोजणी शून्यापासून सुरू होत नाही. ३२ बिटी काउंटर बूटनंतर पाच मिनिटांनी उलटावा (कमाल आकड्यानंतर पुन्हा शून्यावर यावा), अशी ती मुद्दाम मागे लावलेली असते. हेतू उत्तम आहे: चूक गिऱ्हाइकाकडे वर्षभरानं दिसण्यापेक्षा आपल्या टेबलावरच दिसावी. पण 'शेवटची नोंद' ठेवणारं व्हेरिएबल शून्यावर सोडलं, तर त्या पाच मिनिटांत दोन वेळांपैकी नंतरची कोणती ते सांगणाऱ्या 'टाइम आफ्टर' मॅक्रोला ते शून्य भविष्यातलं वाटतं आणि वेळ कधी भरतच नाही. सुरुवातीलाच त्यात चालू जिफीज भरा. ६४ बिटी लॅपटॉपवर ही चूक दिसत नाही, म्हणूनच ती बोर्डापर्यंत पोचते.

दुसरी चूक जुनीच: जिफीज आणि मुदत यांची थेट 'पेक्षा मोठं' अशी तुलना. मुदत उलटण्यापलीकडे गेली की तो आकडा छोटा होतो आणि टाइमआउट क्षणात लागतो. पुढची उलटणी एचझेड (सेकंदाला किती जिफीज) १००० असेल तर ४९.७ दिवसांनी, १०० असेल तर ४९७ दिवसांनी. वीज जाते तोवर बोर्ड तिथवर पोचतच नाही. इन्व्हर्टर बसवला की पोचतो. 'टाइम आफ्टर' वजाबाकीचं चिन्ह पाहतो, त्यामुळे तो इथे फसत नाही. मात्र अंतर निम्म्या फेऱ्याच्या आत हवं, म्हणजे एचझेड १००० ला २४.८ दिवस. त्याहून लांबच्या कामाला ६४ बिटी जिफीजच घ्या.

तिसरी चूक गुणाकाराची. नॅनोसेकंद काढायला ३२ बिटांत ५००० मिलिसेकंद गुणिले दहा लाख केलं, की पाच सेकंदांचा टायमर ०.७ सेकंदात वाजतो. उत्तर ६४ बिटी व्हेरिएबलमध्ये ठेवून भागत नाही, कारण गुणाकार त्याआधीच उलटलेला असतो. गुणण्याआधी आकडा ६४ बिटी प्रकारात बदला (कास्ट करा), किंवा सरळ कर्नेलचं तयार 'एमएस टू केटाइम' फंक्शन वापरा.

दुरुस्तीनंतर ३२ बिटी कर्नेलच बूट करा आणि पाचवं मिनिट ओलांडताना टायमर चालू असू द्या. त्या क्षणी टायमर रिकामा असेल, तर चाचणी झालीच नाही असं धरा.