मॉडेस्ट माउस बाजारू झाला का? मत देण्याआधी कसं ऐकावं

मॉडेस्ट माउस या अमेरिकन रॉक बँडचा 'गुड न्यूज फॉर पीपल हू लव्ह बॅड न्यूज' हा अल्बम एप्रिल २००४ मध्ये आला आणि त्यातलं 'फ्लोट ऑन' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-मासिकाच्या मॉडर्न रॉक यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हापासून श्रोत्यांत दोन तट आहेत: बँड बहरला म्हणणारे आणि बाजारू झाला म्हणणारे. बाजू कुठलीही घ्या, पण नुसतं 'सोपा झाला' म्हणून भागत नाही. काय सोपं झालं, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

आधी तुलना कशाशी करायची ते ठरवा. बहुतेक जण थेट १९९७ च्या 'द लोनसम क्राउडेड वेस्ट'कडे जातात आणि तिथेच गफलत होते. मधे २००० चा 'द मून अँड अंटार्क्टिका' आहे. एपिक या मोठ्या कंपनीसाठीचा पहिला अल्बम तो, आणि तो चांगलाच अवघड आहे. त्यामुळे 'मोठी कंपनी आली आणि बँड बिघडला' हे गणित जुळत नाही. तिन्ही अल्बम क्रमाने ऐका. 'मून'ची नव्याने मिक्स केलेली आवृत्तीही २००४ मध्ये निघाली होती. आपण कुठली लावलीय ते तपासा, नाहीतर मिक्समधला फरक बँडच्या माथी मारला जाईल.

ॲपमध्ये शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय) आणि क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सोय) बंद करा, आवाज समान ठेवणारी सेटिंग चालू करा. मोठ्या आवाजातलं गाणं कानाला उगाचच सरस वाटतं, आणि वेगवेगळ्या अल्बमचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, सारख्या पातळीचं नसतं.

पहिल्या वेळी एकही गाणं न गाळता ऐका. दुसऱ्या वेळी हेडफोन लावा, वही घ्या आणि मिनिट-सेकंद टिपा: ध्रुवपद कधी येतं, किती वेळा परततं, गाणाऱ्याचा आवाज वाद्यांच्या पुढे आहे की आत बुडालाय. 'फ्लोट ऑन' जेमतेम साडेतीन मिनिटांचं. गिटारची छोटी फिरत राहणारी चाल, सरळ ठेका, शेवटी अनेक आवाज एकत्र. त्याच्या शेजारी 'लोनसम'मधलं जवळपास ११ मिनिटांचं 'ट्रकर्स ॲटलस' लावा. फरक आपोआप कळतो.

ठेक्याबद्दल बोलताना एक लक्षात ठेवा: 'गुड न्यूज'वर बँडचा तेव्हाचा नेहमीचा ड्रमर जेरमाया ग्रीन नाही, ड्रम बेंजामिन वायकलने वाजवलेत. निर्मातासुद्धा बदललाय; ब्रायन डेकच्या जागी डेनिस हेरिंग. सगळा बदल 'विकाऊपणा'च्या खात्यात टाकणं अन्यायाचं आहे.

मग मुद्दाम तुमच्या मताच्या विरुद्ध जाणारी गाणी शोधा. 'बरी मी विथ इट'मध्ये बँडचा गायक आयझॅक ब्रॉक पूर्वीसारखाच ओरडतो. 'धिस डेव्हिल्स वर्कडे'त न्यू ऑर्लिन्सच्या डर्टी डझन ब्रास बँडची वाद्यं आहेत. रेडिओसाठी असलं कुणी करत नाही. आमच्या मते सोपी झाली ती मांडणी, शब्द नाहीत. 'ओशन ब्रीद्स सॉल्टी' गोड चालीत मरणाबद्दलच बोलतं.

मत लिहाल तेव्हा प्रत्येक विधानामागे एक गाणं आणि एक जागा द्या. 'आत्मा हरवला' याचं पुढे काहीच होत नाही. 'लांब वाद्यवादन गेलं, त्यामुळे ताण साचायला वेळच मिळत नाही' यावर दुसरा श्रोता उत्तर देऊ शकतो.

'फ्लोट ऑन'वरून नव्याने आलेल्याला लगेच ११ मिनिटांचं गाणं देऊ नका. आधी 'थर्ड प्लॅनेट', मग 'ट्रेलर ट्रॅश', आणि त्यानंतर 'ट्रकर्स ॲटलस'.