बाहेरचा गिलावा बदलताय? आधी गच्चीवर जाऊन या

बेळगावातल्या अनगोळात आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला मी पाच वर्षांत दोनदा गिलावा करून घेतला. पहिल्यांदा मे महिन्यात, मृगाच्या आधी उरकायचं म्हणून घाईत. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच भिंतीवर परातीएवढा पोपडा फुगला आणि एका रात्री खालच्या जास्वंदीवर कोसळला. गुत्तेदाराने सिमेंटला दोष दिला, मी गुत्तेदाराला.

दुसऱ्या वेळी येळ्ळूरकडचे एक वयस्क गवंडी बघायला आले. भिंतीकडे त्यांनी धड पाहिलंही नाही, चपला काढून सरळ गच्चीवर गेले. "गिलाव्यात काय बघायचं हो साहेब? पाणी कुठनं उतरतंय ते बघूया की आधी." पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, माथ्यावर केसाएवढी भेग होती. पाणी तिथून आत शिरून गिलाव्याच्या मागून दहा फूट खाली उतरत होतं. ती भेग तशीच ठेवून मी पहिल्या वेळी अख्खी भिंत नवी केली होती.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. भिंत फोडायला माणसं लावण्याआधी एकदा पाण्याची वाट शोधा. पॅरापेटच्या माथ्याचा उतार गच्चीच्या बाजूला हवा. बाहेरच्या बाजूला असेल तर सगळं पाणी भिंतीवरूनच वाहतं. छज्जा भिंतीला मिळतो तो सांधा आणि पाइपाच्या क्लॅम्पची भोकं बघा. छज्ज्याच्या खालच्या अंगाला कडेपासून थोडं आत एक खाच असावी लागते, म्हणजे पाणी तिथेच थेंब होऊन गळतं, भिंतीपर्यंत पोचत नाही. आमच्याकडे वळवाचा तडाखा असो की आषाढातली झड, पाऊस तिरका येतो. अशा पावसात या खाचेवाचून छज्जा अर्धाच कामाचा. ओल जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल आणि पांढरा खार धरला असेल, तर पाणी वरून नाही, जोत्यातून चढतंय. अंगणात फरशी घालताना कुणी माती जोत्याच्या वर आणून ठेवली आहे का, ते आधी पाहा. आमच्या गल्लीत निम्म्या घरांची तक्रार एवढीच आहे.

मग ठोकून बघणं. हातोडीच्या लाकडी दांड्याने भिंतभर टकटक करा. घट्ट जागी भरीव आवाज येतो, सुटलेल्या जागी डबडब. पोकळ भागाला खडूने रेघ ओढत जा. खडूची बेटं एक-दोनच असतील तर तेवढंच चौकोनी कापून काढा. कडा सरळ कापलेली असली की नवा-जुना सांधा नीट बसतो. अर्धी भिंत खडूने भरली तर मात्र सगळाच उतरवा. जुन्यावरच पातळ थर चढवून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. उतरवताना ब्रेकर मशीनचा मोह होतो, काम एका दिवसात आटपतं. पण जुन्या भिंतीतले दगड त्या धक्क्याने हलतात. छिन्नी-हातोडीच बरी.

जुन्या घरांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथेच हौसेने नुकसान होतं. शहापूर-वडगावातली जुनी घरं असोत की खानापूर तालुक्यातले वाडे, भिंती जांभ्याच्या किंवा मातीत रचलेल्या दगडाच्या असतात, वर चुन्याचा गिलावा. ही भिंत ओल घेते आणि उन्हात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचं कडक प्लास्टर केलं की बाहेर पडायची वाट बंद. मग ओल घरात उतरते, आतल्या भिंतींचे पोपडे सुटतात, किंवा सिमेंटचा थर पापडासारखा अलग होतो. अशा भिंतीला चुनाच लागतो. सावकाश वाळतो, तो करणारा गवंडी शोधावा लागतो, पण त्याला पर्याय नाही. खाली कडक सिमेंट आणि वर चुना, किंवा उलट, अशी खिचडीही करू नका. वरचा थर खालच्यापेक्षा कधीही कडक नसावा, मग तो कशाचाही असो.

विटेच्या भिंतीवरचं काम त्या मानाने सोपं, तरी तयारीत चुका होतात. विटांमधले सांधे साधारण 10 मिलिमीटर खोल खरवडलेले हवेत. काँक्रीटच्या कॉलम-बीमला टाचे, म्हणजे छिन्नीचे बारीक घाव, मारायला हवेत, नाहीतर गुळगुळीत काँक्रीट माल धरतच नाही. वीट आणि काँक्रीट भेटतात तिथे दोन्ही बाजूंना पुरेल अशी कोंबडीजाळी ठोका. ती वगळली की वर्षाच्या आत त्या जागी सरळ रेघेत भेग येते. खार धरला असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. पाणी मारलं तर मीठ विरघळून पुन्हा आत जातं. त्यानंतर आदल्या दिवशी भिंत भिजवा. काम सुरू करताना ती ओलसर असावी, चकाकणारी नव्हे.

वाळूवर वाद घालण्यापेक्षा बाटली घ्या. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून दोन-तीन तास ठेवा. तळाशी वाळू बसते, वर मातीचा थर दिसतो. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त दिसला तर तो ट्रक परत पाठवा. आता नदीची वाळू मिळणं मुश्कील, बहुतेक एम-सँडच, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, येते. प्लास्टरसाठी बारीक, प्लास्टरचीच मागा. काँक्रीटसाठीची वापरली की भुकटी आणि कच या दोन्हींचा त्रास.

बाहेरच्या भिंतीला एकाच दमात जाड थर मारू देऊ नका. आतला साधारण 12 मिलिमीटर, ओरखडून खरबरीत ठेवलेला. एक-दोन दिवसांनी वरचा 8. एका सिमेंटला चार ते पाच वाळू पुरते. सिमेंट जास्त घातलं की मजबुती वाढते हा गैरसमज. जास्त सिमेंटचा गिलावा जास्त आकसतो आणि भिंतभर जाळीदार भेगा पडतात. कालवलेला माल अर्ध्या तासात संपवावा. घट्ट झालेल्यात पाणी ओतून पुन्हा फिरवलेलं घमेलं मी स्वतः पालथं करायला लावलं आहे, बिगारी रागावला तरी. अजून एक सवय: रंधा फिरवताना लवकर घट्ट व्हावं म्हणून भिंतीवर कोरडं सिमेंट उडवतात. पृष्ठभाग छान दिसतो, पण तोच थर पुढे पोपडे सोडतो.

पाणी मारणं किमान सात दिवस, दिवसातून तीन वेळा. अथणी-रायबागकडे मार्च-एप्रिलात काम काढलंत तर गोणपाट ओलं करून टांगा, नाहीतर दुपारच्या वाऱ्यात दोन तासांत गिलावा पांढरा पडतो. जांबोटी-कणकुंबीकडे उलट अडचण: तिथला पाऊस ओसरला तरी भिंती महिनाभर पाणी धरून असतात, म्हणून डिसेंबर गाठलेला बरा. बेळगावात दिवाळी आटपली की चालू करा. गणपतीच्या आधी घर रंगवून हवं म्हणून जुलैत परांची बांधणारे लोक दरवर्षी दिसतात, त्यांना काय म्हणावं.

रंगाची घाई करू नका. गिलावा 28 दिवस तरी राहू द्या. ताज्या सिमेंटमधला क्षार रंग उडवतो. बाहेर जिप्समची पुट्टी चालत नाही, पांढऱ्या सिमेंटचीच घ्या.

आणि गुत्तं ठरवताना दहा टक्के रक्कम पुढच्या पावसाळ्यानंतर देणार असं कागदावर लिहून घ्या. येळ्ळूरच्या त्या गवंडीमामांनी ही अट ऐकून मान हलवली आणि पहिल्या झडीत न बोलावता छत्री घेऊन भिंत बघायला आले.