पोल्ट्रीतली मर ओढ्यात टाकताय? शेडमालकांनो, या चुका टाळा

विटा-खानापूर पट्ट्यात एका शेडमधला आजार शेजारच्या शेडमध्ये जायला वेळ लागत नाही. तो पोचवणारी सगळ्यात वाईट सवय म्हणजे मेलेल्या कोंबड्या पोत्यात भरून ओढ्यात टाकणं. कुत्री पोती फाडतात, आतडी रस्ताभर ओढत नेतात. कावळे तुकडे उचलून दुसऱ्याच्या पत्र्यावर बसतात. पावसाळ्यात ओढ्याची घाण येरळेत जाते, येरळा ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते, आणि तिथून खाली सांगली शहर कृष्णेचंच पाणी पितं.

"आमच्याकडं खड्डा हाय की," असं बरेच जण सांगतात. पण तो असतो विहिरीला लागून, तोंड उघडं, माश्या घोंघावतायत. मेलेल्या पक्ष्यावरच्या अळ्या जिवंत कोंबडीनं टिपल्या तर बॉट्युलिझमनं तिची मान लुळी पडते आणि ती मरते. खड्डा विहीर-बोअरपासून लांब, पाणी न साचणाऱ्या जागी घ्या. प्रत्येक थरावर चुना, वर माती, तोंडाला घट्ट झाकण.

दाराशी जंतुनाशकाची कुंडी ठेवली म्हणजे झालं, असंही नाही. विष्ठेनं गढूळ झालेल्या पाण्यात औषधाची ताकद मरते. आधी ब्रशनं बूट घासा, मग कुंडीत पाय. पाणी रोज बदला. शेडच्या आत घालायची चप्पल वेगळी ठेवली तर त्याहून उत्तम. अंड्यांचे परत आलेले ट्रे आणि खाद्याच्या गाडीची चाकं मात्र हमखास विसरली जातात, तीही धुवा. ब्लीचिंग पावडरमध्ये ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मर वाढली की दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यात सोडणं, ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. रानीखेत, बर्ड फ्लू हे विषाणूंचे आजार. त्यांना अँटिबायोटिक लागू पडत नाही. उलट औषधाला दाद न देणारे जिवाणू तयार होतात आणि कच्च्या कोंबडखतातून उसाच्या, द्राक्षाच्या रानात जातात. माणसाच्या उपचारात अगदी शेवटी वापरायचं कोलिस्टिन जनावरं-कोंबड्यांसाठी २०१९ पासून देशात बंद आहे, ते याचसाठी. खत रानात टाकण्याआधी ढीग लावून चांगलं कुजू द्या.

एकदम मर लागली, तुरे निळसर पडले, डोकी सुजली, तर पक्षी स्वतः कापून बघू नका आणि पिशवीत घालून तालुक्यालाही नेऊ नका. २००६ मध्ये नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तो पक्ष्यांतून माणसालाही होऊ शकतो. शेडमधली ये-जा थांबवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा. २००९ च्या कायद्यानं असा आजार कळवणं बंधनकारक आहे. कळवलं तर सगळा माल जाईल, या भीतीनं लोक गप्प बसतात. पण भरपाई मिळते ती सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे कळवायला जितका उशीर, तितका तोटा तुमचाच.