अपक्ष म्हणून उभं राहायचंय? आधी मतदार यादी वाचा

विधानसभेला उभं राहायचं ठरलं की पहिला पैसा बॅनरवर घालू नका. मतदार यादी मिळवा आणि वाचायला बसा. २०२४ ला मी गिरणगावातून अपक्ष लढलो, त्यावरून हे कळकळीने सांगतोय.

मान्यताप्राप्त पक्षाचा एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचं पत्र) असेल तर एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून तुमचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही जण त्याच मतदारसंघाच्या यादीत हवेत. दहा सह्या आमच्या एका मजल्यावर मिळतील असं वाटलं होतं, आणि मिळाल्याही. पण बाजूची चाळ पुनर्विकासाला गेल्यापासून तिथली बरीच बिऱ्हाडं प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात आहेत. त्यातल्या एका काकूंनी हौसेने सही केली, ओळखपत्रही दाखवलं. २९ ऑक्टोबर, अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दुपारी दीड वाजता टेबलावरच्या लिपिकाने यादीभाग उघडला, अनुक्रमांकावर पेन टेकवलं आणि म्हणाला, "हे नाव वगळलंय." काकूंच्या मुलाने पत्ता बदलून घेतला होता, त्यांना गंधवार्ता नव्हती. तीनला मुदत संपणार! आमच्या चाळीतल्या वकीलकाकांनी हट्टाने वेगळ्या दहा सूचकांचा दुसरा अर्ज तयार ठेवायला लावला होता, तो पिशवीत होता म्हणून निभावलं. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, अनामत मात्र एकदाच: १० हजार, अनुसूचित जाती-जमातींना ५ हजार. तेव्हा सूचकांची नावं पुरवणी यादीपर्यंत (नंतर वाढलेली-वगळलेली नावं त्यात असतात) स्वतः ताडून बघा. ओळखपत्रावर विसंबू नका.

तुमचं वय २५ पूर्ण हवं. तुमचं नाव राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत चालतं, फक्त लढता त्या मतदारसंघाबाहेरचं असेल तर यादीची प्रमाणित प्रत जोडा. अर्जासोबतच्या शपथपत्रातला एकही रकाना मोकळा सोडू नका. काही नसेल तिथे 'निरंक' लिहा. कोऱ्या रकान्यापायी अर्ज बाद होऊ शकतो. अर्ज भरल्यावर, छाननीच्या आधी, संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यायची असते. गडबडीत ती राहून जाते.

बँकेत निवडणुकीसाठी वेगळं खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा. जमेल तेव्हा करू म्हणालात तर सुट्ट्या आड येतात, आमच्या वेळी आल्याच. खर्चाची मर्यादा ४० लाख. आमच्यासारख्यांचा खर्च तिथवर कधीच जात नाही, पण चहाचं बिलसुद्धा नोंदवहीत यावं लागतं. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांची अपात्रता येऊ शकते, आणि ती हरलेल्यालाही लागू आहे.

अपक्षाला सगळ्यात जड जातं ते चिन्ह. माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, तेव्हा कुठे चिन्ह हाती आलं. प्रचार १८ तारखेच्या संध्याकाळी थांबला. चौदा दिवसांत ते चिन्ह घराघरांत पोचवायचं होतं. पक्षवाल्यांचं लोकांच्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेलं असतं. मी सभा घेतल्या नाहीत. रोज संध्याकाळी सात ते नऊ जिने चढलो. नळाच्या पाण्याची वेळ आणि रखडलेलं घरभाडं, लोक याच दोन गोष्टींवर बोलायचे. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत, अनामत गेली.

आता दर रविवारी सकाळी चाळीच्या व्हरांड्यात यादी घेऊन बसतो. अठरा पूर्ण झालेल्या पोरांचा फॉर्म ६, पत्ता बदललेल्यांचा फॉर्म ८. गेल्या रविवारी त्या काकू नातीला घेऊन आल्या होत्या.